आधी पाट पाठवा

आमची गणपतीची शाळा होती, असं मुंबईत कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "कितवीपर्यंत?" मला आधी राग येतो, मग हसू येतं. गणपती घडवतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आमची शाळा खेडपासून जरा आत, जगबुडी नदीच्या अंगाला, घराला चिकटून असलेली पत्र्याची लांब शेड. आषाढ लागला की गावोगावची माणसं आपापल्या घरचा लाकडी पाट घेऊन यायची, त्यावर विडा-सुपारी ठेवून तो अण्णांच्या हाती द्यायची. त्याच पाटावर माती चढायची आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर त्यांचा गणपती घरी जायचा. पाट दिला म्हणजे ऑर्डर दिली. बाकी काही बोलायची गरज नसे.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे दोन नियम होते, ते त्यांच्या वडिलांपासून चालत आलेले. पाट आल्याशिवाय मूर्ती करायची नाही, आणि आलेला पाट रिकामा परत पाठवायचा नाही. एका वर्षी पाट देऊन गेलेल्या घरात ऐन तोंडावर सुतक आलं. ते बिचारे सांगायला आले, यंदा राहू दे. अण्णांनी ऐकून घेतलं आणि तरी त्या पाटावर मुठीएवढा गणपती करून ठेवला. तो त्या घरच्यांनी माघी गणपतीला नेला. "पाट आला म्हणजे देव येऊन दारात बसला. त्याला ऊठ कसं म्हणायचं?" असं अण्णा म्हणायचे.

दोन हजार सालाच्या पुढेमागे पाट कमी व्हायला लागले. खेडच्या बाजारात ट्रक भरून प्लॅस्टरच्या मूर्ती यायच्या. हलक्या, चकचकीत, हव्या तेवढ्या मोठ्या. लोकांना पाट घेऊन यायचा, मग पुन्हा न्यायला यायचं, हे सगळं जड वाटायला लागलं. आमच्या शेडमधल्या फळ्या एका बाजूने रिकाम्या राहायला लागल्या. त्याच सुमाराला एक खतवाला व्यापारी अण्णांना भेटून गेला. त्याला गोदामासाठी शेड हवी होती. अण्णांनी त्याला हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मी कॉलेज संपवून घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे लोकांच्या भाषेत. वर्षातले चार महिने मी त्या शेडमध्ये सकाळपासून माती मळत असायचे, आणि मला दुसरं काही करायचंही नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. अण्णांचा उजवा हात कापायला लागला होता. माती चढवताना ते निभून जायचं, पण डोळ्यांची आखणी करताना नाही. गणपतीचा सगळा जीव डोळ्यांत. बारीक कुंचल्याने बुबुळाभोवतीची रेघ एका श्वासात ओढावी लागते, ती मध्येच थांबली की देव बावळट दिसतो. ती आखणी गेली काही वर्षं मी करत होते. गावात मात्र, "अण्णांच्या गणपतीचे डोळे बघा, काय पाणी आहे!" अण्णा मान हलवायचे. मी आत रंग घोटत दात-ओठ खायचे.

खेडच्या एसटी स्टँडजवळ एका काकांचा एसटीडी बूथ होता. मोबाइल येणार आणि आपलं दुकान बसणार, हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून त्यांनी मागे काचेचं पार्टिशन घालून दोन कॉम्प्युटर ठेवले. स्वतः पुस्तक वाचून वेबसाइट बनवायला शिकले. शिकले तर खरे, पण खेडमध्ये वेबसाइट कोणाला हवी? मी एकदा रिझल्ट बघायला गेले तेव्हा त्यांनी मलाच धरलं. "तुझ्या गणपतीची साइट करू या. जगभर दिसेल. खाली फक्त माझ्या बूथचं नाव टाक."

मी शाळेतल्या मूर्तींचे फोटो काढले, स्टुडिओत स्कॅन करून घेतले. काकांनी एकेक फोटो चढवला. एक फोटो चढायला लागायचा तेवढ्या वेळात समोरच्या टपरीवर चहा पिऊन होई. मजकूर मी लिहिला, डिक्शनरी मांडीवर घेऊन, इंग्रजीत. फोटोंच्या खाली काकांनी विचारलं, "कलाकार म्हणून कोणाचं नाव?" मी एक क्षणही थांबले नाही, माझं सांगितलं. आणि सगळ्यात खाली, मोठ्या लाल अक्षरांत, आमचा नियम लिहिला. पाटाला इंग्रजीत काय म्हणतात ते डिक्शनरीत सापडेना. बसायचा असतो म्हणून लिहिलं, 'प्लीज सेंड युवर सीट फर्स्ट.'

पुढे कितीतरी दिवस काही झालं नाही. साइटवर किती जण येऊन गेले त्याचा आकडा दिसायचा, तो वाढला की आम्ही खूष व्हायचो. मग लक्षात आलं, त्यातले बरेचसे आम्हीच. मी ओळखीच्या-पाळखीच्यांना, दोन-तीन परदेशी मंडळांना, जिथे पत्ता सापडेल तिथे मेल पाठवले. कोणी उत्तर देईना. प्रत्येक वेळी खेडला जायचं, घाणेरड्या कीबोर्डसमोर बसायचं, मेलबॉक्स उघडेपर्यंत जीव मुठीत धरायचा, आणि आत काही नाही. दुसऱ्या वर्षी वटपौर्णिमेच्या सुमाराला एक मेल आला. ऑस्ट्रेलियातून, एका बाईचा. इंग्रजीत विचारलं होतं: मूर्ती फार आवडली, डोळे विशेष आवडले, पण तुम्हाला सीट कसली हवी आहे? खुर्ची पाठवायची का?

काका टेबलावर हात आपटून हसले. "करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती!"

मी लाजेने लाल झाले, आणि त्यांच्यावर चिडले, कारण इंग्रजी तपासायचं काम त्यांचं होतं. पण बाईंचं आडनाव आपल्याकडचं दिसत होतं. मी सरळ इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: खुर्ची नको हो, पाट! गणपतीचा पाट! दुसऱ्या फेरीला उत्तर हजर. "अय्या, पाट होय! अहो ताई, माझं सासर दाभोळचं." मग त्यांनी सगळं सांगितलं. दाभोळचं घर सासूबाई गेल्यापासून बंद, तेव्हापासून घरचा गणपतीही बंद. यंदा त्यांना तिकडे, त्यांच्या फ्लॅटमध्ये, तो पुन्हा बसवायचा होता. पाट दाभोळच्या घरात माळ्यावर होता आणि घराची किल्ली शेजारच्या मुसलमान मावशींकडे, खालांकडे. पैशांचं काय ते काकांच्या बँकेतल्या ओळखीने जमण्यासारखं होतं. फक्त अण्णांना विचारायचं राहिलं होतं.

अण्णा शेडमध्ये स्टुलावर बसून एका मूर्तीच्या पोटाला पाण्याचा हात फिरवत होते. मी सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"पाट?"

"दाभोळला आहे. मी जाऊन आणते."

"हूं. आणि त्या फोटोंच्या खाली नाव कोणाचं आहे?"

मला वाटलं होतं हे त्यांच्या कानावर जाणार नाही. पण बाजारात कोणीतरी चुगली केली होतीच. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरातली बातमी त्या घरातल्या माणसाआधी बाजारात पोचते.

"माझं," मी म्हटलं.

"शाळा कोणाची?"

"तुमची."

"मग?"

माझं डोकं फिरलं. "डोळे माझे आहेत, अण्णा. त्या बाईंनीही डोळ्यांचंच लिहिलंय. हात कापतो तुमचा म्हणून आखणी मी करते, हे मी तिथे लिहिलं नाही, एवढी मेहेरबानी समजा."

आई दारातून ओरडली, "गप गो बाय! कोणाशी बोलतेस?"

अण्णांनी हात ओल्या फडक्याला पुसला. सावकाश, एकेक बोट. रागावले की ते आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. म्हणाले, "बरं. नाव तुझं ना? मग मूर्तीही तुझी. एक मूर्ती. धड, न मोडता, चतुर्थीच्या आत तिकडे पोचव. पोचली तर शाळा राहील. नाही पोचली, तर गणपती झाले की शेडची किल्ली खतवाल्याला."

"चालेल," मी म्हटलं. विचार न करता. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, ते काही खोटं नाही.

दापोलीमार्गे एसटीने दाभोळला गेले. बंदराच्या वरच्या अंगाला ते घर, कुलूप लावलेलं, अंगण मात्र झाडलेलं. शेजारच्या खाला ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या. त्यांचे यजमान जहाजावर, मुलगे आखातात. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं.

"कोण गो तू?"

मी सांगितलं, खेडची, गणपतीच्या शाळेतली, पाट न्यायला आले.

"तिचा फोन आला होता. पण आधी मला सांग, पाट जातो कुठं?"

"आधी खेडला, मग ऑस्ट्रेलियाला."

"नि परत कधी यायचा?"

याचा मी विचारच केला नव्हता. "येईल की."

"येईल की नको सांगूस. घर माझ्या भरवशावर टाकून गेलेत ते. इथला चमचा हलला तरी मी जाब देणार. कधी येणार ते बोल."

"पुढच्या आषाढात," मी ठोकून दिलं.

त्यांनी कुलूप काढलं. माळ्यावरून पाट मीच खाली घेतला. फणसाच्या लाकडाचा, जाड, एका कोपऱ्यावर काळसर डाग. खालांनी ओढणीच्या टोकाने त्यावरची धूळ पुसली आणि डागावर बोट ठेवलं. "खाडीच्या पाण्याचा आहे. विसर्जनाला पाण्यात न्यायचे ना, तेव्हाचा. ओळखून ठेव, दुसराच आणून देशील." मी पाट छातीशी धरून परत आले.

मग खरी परीक्षा सुरू झाली. त्या वर्षी पाऊस मागे हटेना. माती सुकेना. ऊन पडेल म्हणून मूर्ती दाराशी सरकवायची आणि सर आली की धावत आत ओढायची. शेवटी शेगडी पेटवून लांबून शेक दिला, तर कानाच्या मागे बारीक भेग गेली. ती बुजवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच भेग. मी रडकुंडीला आले. अण्णा माझ्या मागून येऊन बघायचे आणि काही न बोलता जायचे. इतर पाटांवर त्यांचं काम चालू होतं. मला वाटायचं, एक शब्द सांगितलात तर काय बिघडेल? आणि विचारायचं तर माझ्या तोंडाला कुलूप. आम्ही दोघंही एकाच मातीचे, आई म्हणायची, तुम्हाला एकत्र मळायला हवं.

भेग तिसऱ्यांदा बुजवली तेव्हा ती राहिली. रंग झाला. आखणीच्या दिवशी अण्णा आपलं काम सोडून समोर येऊन बसले. मी कुंचला भिजवला. एवढ्या वर्षांत इतके डोळे काढले, पण त्या दिवशी कुंचल्याचं टोक दोनदा पुसून घेतलं. श्वास धरला, रेघ ओढली. डावा झाला, उजवा झाला. मान वर केली तर अण्णा गणपतीकडे बघत होते. "पेटी बनवून घेऊ," एवढंच म्हणाले आणि उठले.

पेटीच्या वेळी मात्र त्यांना राहवलं नाही. मूर्ती माझी, नाव माझं, हे सगळं विसरले. आंब्याच्या पेट्या बनवणाऱ्याकडून त्यांनी मापाची पेटी करून आणली आणि स्वतः भरायला बसले. आम्ही रत्नागिरीची माणसं. पेटी म्हटलं की पेंढा, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. आधी पेंढ्याची गादी, मग कडेने पेंढा ठासून, सोंडेच्या खाली मऊ पेंढा, हातांच्या मध्ये पेंढ्याच्या चुंबळी. मी पाट धरून होते, ते भरत होते. भरताना त्यांचा हात कापत नव्हता. "हापूस असाच जातो गो मुंबईला," म्हणाले, "एक डाग लागत नाही. हा तर देव आहे." मीही मान हलवली. त्या घटकेला आमचं भांडण मिटल्यासारखं झालं होतं, आणि मला खूप बरं वाटलं होतं.

रत्नागिरीच्या कुरियरवाल्यापर्यंत पेटी मी मांडीवर घेऊन गेले. त्याने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "गणपती." त्याने कागदावर भलतंच काही इंग्रजी लिहिलं आणि पेटी आत सरकवली. सरकवली म्हणजे पायाने. मी ओरडले, "अहो, हळू!" तो म्हणाला, "मॅडम, आता आमची जबाबदारी."

त्यानंतर रोज खेड. पार्सल कुठे आहे ते इंटरनेटवर दिसतं, असं कुरियरवाल्याने सांगितलं होतं. नंबर टाकायचा आणि बघत बसायचं. मुंबई. मग सिंगापूर. काका म्हणाले, "बघ, माझ्या आधी तुझा गणपती विमानात बसला." मग ऑस्ट्रेलिया आलं आणि मी खुर्चीतून उडीच मारली. मग ते तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तपासणीसाठी रोखलं आहे, अशी एक ओळ, आणि तिच्यापुढे काही नाही. बाईंना मेल केला, त्याही चौकशी करत होत्या. घरी गेले की अण्णा विचारायचे, "कुठवर?" मी सांगायचे, "पोचलाच." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. शाळेतले गणपती एकेक करून घरोघर निघाले होते, तोंडावर रुमाल टाकून, आणि प्रत्येक गणपती गेला की शेड जरा मोठी दिसायची.

आणि मग जगबुडी चढली. दुष्काळात तेरावा महिना. खेडच्या बाजारात पाणी घुसलं, लाइट गेली, फोन गेले. काकांनी कॉम्प्युटर उचलून माळ्यावर ठेवले. मला कुठूनही काही कळायचा मार्ग राहिला नाही. चतुर्थी आली. आमच्याही घरी गणपती बसला. आरतीला मी टाळ वाजवत होते आणि माझं सगळं लक्ष समुद्रापलीकडच्या एका फ्लॅटमध्ये होतं. बसला असेल का? आरती संपल्यावर अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पाणी उतरल्यावर मी चिखलातून बूथवर गेले. काका फडकं घेऊन फरशी पुसत होते. मला बघून त्यांनी कॉम्प्युटर खाली आणला आणि जोडला. फोनच्या तारेतून तो नेहमीचा किरकिराट. मेल होता.

बाईंनी लिहिलं होतं, तपासणीत पेटी उघडली. त्या देशात बाहेरचं गवत, पेंढा, असलं काही चालत नाही. किडा येतो म्हणतात. त्यांनी सगळा पेंढा काढून जाळला आणि मूर्ती तशीच रिकाम्या पेटीत ठेवून पुढे पाठवली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पेटी घरी आली. सोंड मोडली होती, एक हात मोडला होता. डोळे तसेच होते. भटजींना फोन केला, त्यांनी सांगितलं, भंगलेली मूर्ती पुजायची नाही. 'मग आम्ही त्याच पाटावर सुपारी ठेवून गणपती बसवला. पाट धड आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.'

काका म्हणाले, "चहा घेतेस?" मी नको म्हटलं. रस्ताभर एकच विचार, की अण्णांना कसं सांगायचं. मोडली एवढंच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं.

अण्णा पडवीत बसले होते. "मोडली," मी म्हटलं.

"कशाने?"

"मोडली म्हणजे मोडली. वाटेत."

"वाटेत कशी मोडेल? मी भरलीये पेटी." आणि मग ते म्हणाले, "तुझी ती भेग बुजलीच नसणार."

झालं. "भेग तशीच आहे बुजलेली! तुमच्या पेंढ्याने मोडली. पेंढा चालत नाही त्यांच्याकडे. काढून जाळला सगळा, आणि मूर्ती मोकळी खडखडत गेली!"

अण्णांनी विचारलं, "मग तिने काय केलंन?"

"पाटावर सुपारी बसवली."

"त्याच पाटावर?"

"हो."

ते उठून आत गेले. मला रडू आलं, रागाने आणि दुःखाने, दोन्हीने. पेंढा भरताना मीही शेजारीच होते, मलाही सुचलं नव्हतं, आणि तरी मी 'तुमच्या' म्हटलं होतं. पण माझ्या भेगेचं बोलले ते बोललेच, आणि ते मला आजही लागतं.

अण्णा शब्दाचे पक्के. गौरी-गणपती गेले आणि खतवाल्याने शेडमध्ये पोती लावली. मातीच्या वासावर खताचा वास बसला. फळ्या काढून भिंतीला टेकवल्या, मातीचं पिंप पडवीखाली गेलं. मी खेडमधल्या एका पतपेढीत नोकरीला लागले. बूथवाल्या काकांनी एकदा विचारलं, साइट काढून टाकू का? मी म्हटलं, "असू दे. ती काय जेवायला मागते?" मी पुन्हा उघडून बघितली नाही. घरात शाळेचा विषय कोणी काढत नसे. जुनी माणसं विचारायला आली की अण्णा सांगायचे, "बंद केलं. हात चालत नाही." हे ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. मला ते ऐकवत नसे.

पुढच्या आषाढात एक दिवस कामावरून घरी आले तर आई अंगणातच उभी. "पोस्टमन काहीतरी देऊन गेलाय. ह्यांनी हात लावलान नाही. तुझ्या नावाचं आहे म्हणतात."

पडवीत खोका होता, परदेशी तिकिटांनी भरलेला. मी विळीनेच चिकटपट्टी कापली. आत फुगे-फुगे असलेलं प्लॅस्टिक, त्याच्या आत आणखी प्लॅस्टिक, आणि त्याच्या आत पाट. सोबत जास्तीच्या प्लॅस्टिकची एक अख्खी गुंडाळी, आणि सुपारी. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. 'खालांनी फोनवर दम दिलाय, पाट आषाढात परत गेला पाहिजे. आणि तुमच्या साइटवर लिहिलंच आहे, आधी सीट पाठवा. पाठवली आहे.'

मी ते मोठ्याने वाचलं. मग मला शेडमधली पोती दिसली आणि काय करावं कळेना. बाईंना काय माहीत, इथे आता शाळा नाही म्हणून? मी म्हटलं, "मी त्यांना मेल करून सांगते. पाट दाभोळला खालांकडे पोचवते. तसाही तिथेच द्यायचा होता."

अण्णा झोपाळ्यावरून उठले. पाट उचलून त्यांनी उजेडात धरला. कोपऱ्यावरच्या काळ्या डागाशेजारी आता एक पांढरट डाग होता. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला, अंगठा जिभेला लावला. "खारं आहे," म्हणाले. "समुद्रात नेलान हा तिने. सुपारीच्या विसर्जनाला."

"अण्णा, मी सांगते त्यांना."

"काय सांगतेस?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पाट आलाय दारात. रिकामा पाठवणार?"

त्यांनी पाट भिंतीशी, जिथे गणपती बसतो तिथे, नीट ठेवला. त्यावर सुपारी ठेवली. आईने न सांगता हळदी-कुंकवाची वाटी आणली. मग अण्णांनी ती प्लॅस्टिकची गुंडाळी उचलली, दोन बोटांत धरून एक फुगा दाबला. तो फटकन फुटला आणि ते दचकले. मला हसू आलं, आणि माझ्याकडे बघून त्यांनाही.

"मला नाही कळायचं हे," गुंडाळी माझ्या हातात देत ते म्हणाले. "पेटी तूच भर. मूर्तीही तूच कर. पडवीत जागा पुरेल एका मूर्तीला." आणि आत जाता जाता थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, कपडे बदल. माती भिजत घाल."